देवघरातलं हेल्मेट

ज्या वर्षी लेक देवश्रीचं बारसं झालं, त्या २०१६ साली बाबारावांनी मला विकत घेतलं. मित्रांनो, मी एक जुनं पिवळं हेल्मेट आहे. रायपूरच्या गुढियारी वस्तीत, त्यांच्या देवघरात, गणपतीशेजारी बसलो आहे.

बाबाराव उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते. तिथल्या धगीत कोणी हेल्मेट घालत नसे. सोबतचा नत्थू चिडवायचा, "काय बाबाराव, डोक्यावर भाताचा गंज घेऊन कुठं चालले?"

ते हनुवटीखालचा पट्टा आवळत म्हणायचे, "पोट्टी झाली ना भाऊ. आता हे डोकं माह्या एकट्याचं नाही."

२०२१ च्या दिवाळीआधी क्रेनचा हूक निसटून माझ्यावर आदळला. मला आरपार तडा गेला. बाबारावांना मात्र ओरखडाही आला नाही. इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

घरी त्यांच्या वडिलांनी, नानांनी, मला हळदकुंकू लावलं. "मोठं लकी हाय हे. याले आता देवापाशी ठेवा."

खरं तर घाव सोसलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं. त्यांच्या पत्नी विजयाताईंनी तात्यापाऱ्याच्या बाजारातून नवं, पांढरं आणलंही. ते खुंटीवरच राहिलं. बाबाराव रोज मला हात जोडत आणि डोक्याला गमछा गुंडाळून निघत.

"अहो, नवं काहून नाही घालत?"

"त्याच्यात ते नशीब कुठं हाय? हे घरून राखण करून राहिलं ना माही."

मित्रांनो, मी घरात बसून काय राखणार होतो? नशीब माझ्यात कधी नव्हतंच. सगळे हसत असताना रोज पट्टा आवळणाऱ्या त्यांच्या बोटांत ते होतं. ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड कुठलं? माझ्यावर कुंकवाचे थर चढत गेले.

एका सोमवारी देवश्री ते पांढरं हेल्मेट घेऊन त्यांच्या सायकलीमागे धावली. "पापा, पहन लो ना! बस आज!"

"हव बेटा, उद्या नक्की," ते हसून म्हणाले.

हेल्मेट पोटाशी धरून ती परत आली आणि तिनं टाचा उंचावून ते खुंटीला अडकवलं.

मित्रांनो, मला पुजू नका. मला फेकून द्या. पण खुंटीवरचं ते पांढरं कुणाच्या तरी डोक्यावर जाऊ द्या. त्याचा पट्टा अजून एकदाही आवळलेला नाही.

त्याच सोमवारी, १२ फेब्रुवारी २०२४ रोजी, सकाळच्या पाळीत डोक्यावर लोखंड पडून बाबाराव वारले. त्यांचं वय एकेचाळीस होतं.