फॅट आठ पूर्णांक चार

यवतच्या निखत शेखनं दुधाची फॅट मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा तिच्याकडे यंत्रच नव्हतं. कंपनीकडे एकच नमुना होता आणि तो साहेबांच्या टेबलावर शोभेला ठेवलेला. मग तिनं लॅपटॉपातच खोटा सेन्सर उभा केला. सेन्सरशी बोलणाऱ्या कोडला ड्रायव्हर म्हणतात. त्या ड्रायव्हरला तिनं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचायला लावलं, म्हणजे प्रोग्राम उठायच्या आधीच त्याच्या कानात सांगून ठेवलेली गोष्ट. त्यात आकडा असेल, तर खऱ्या सेन्सरकडे ढुंकूनही बघायचं नाही, तोच आकडा ठोकून द्यायचा. तिनं ८.४ लिहिलं आणि महिनाभर मजेत काम केलं.

चाचणी राहू गावातल्या एका डेअरीत होती. निखतनं साहेबांच्या टेबलावरचं यंत्र आणलं आणि त्याचा खरा सेन्सर केबलनं लॅपटॉपला जोडला. चेअरमन मच्छिंद्र आप्पांनी नारळ फोडला. सकाळच्या रांगेत पहिली किटली कस्तुराबाईंची. त्यांच्या जर्सी गाईचं दूध इतकं पातळ, की ती म्हणजे चार पायांचा नळ, असं सगळं गाव म्हणायचं.

"आठ पूर्णांक चार," निखतनं वाचलं आणि तिलाच ठसका लागला.

"गाईला आठ?" आप्पा म्हणाले. "आवो, म्हशीला येत न्हाई!"

"का न्हाई येनार?" कस्तुराबाई कडाडल्या. "माझी गाय हाय ती. संचालकावानी नुसती बसून खात न्हाई."

आप्पांनी आपल्या म्हशीचं दूध पुढं केलं. तेही आठ चार. आप्पांना यंत्र एकदम आवडलं. पण मागून रांगेतल्या हौसरावांनी हातातला चहा ओतला, आठ चार. मग नळाचं पाणी ओतलं.

"आप्पा, ग्रामपंचायतीच्या पाण्याला बी आठ चार!"

"मग? आमच्या सरपंचकीत पाणी सुधारलंच हाय," आप्पा म्हणाले.

रांग खो खो हसत होती. निखतचे कान तापले. तो आकडा लॅपटॉप सुरू होताना वाचतो त्या स्टार्टअप फाइलमध्ये तसाच राहिला होता. 'सेन्सर गरम झालाय' अशी थाप तिच्या जिभेवर आली, पण पाण्याचा ग्लास समोरच होता.

"आप्पा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "यंत्र दूध बघतच नव्हतं. मी घरी सांगून ठेवलेला आकडा ते म्हणत होतं. ड्रायव्हरला…"

"ड्रायव्हर? कुठाय त्यो? बोलवा त्याला!"

"ड्रायव्हर म्हणजे माझाच कोड, आप्पा."

तिनं ती ओळ काढली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. कस्तुराबाईंची गाय तीन पूर्णांक एकवर आली. आप्पांची म्हैस पाच दोनवर. म्हशीला सात लागते, असं आप्पा गेली चार वर्षं चावडीवर सांगत होते.

"मघाचंच बरं हुतं," आप्पा पुटपुटले.

कस्तुराबाईंनी तर निकालच मानला नाही. "पैलं निघतं तेच खरं. मागनं सगळे फिरवत्यात," म्हणून त्या किटली उचलून चालू लागल्या.

निखत एका रिकाम्या कॅनवर बसली आणि तिथंच कोड बदलला. खोटा सेन्सर चालू असला, की आकड्याऐवजी स्क्रीनभर लाल अक्षरात 'चाचणी, खरं नाही' असं येईल. तिनं ते आप्पांना दोनदा करून दाखवलं.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "मशीन ठिवा हितंच. पोरगी सगळ्यांम्होरं चुकले म्हनाली. आमच्या संचालक मंडळात असं अजून कुनी केलं न्हाई."

मग त्यांनी तिच्यासाठी वडापाव मागवला, आणि हौसरावांना यंत्रापासून लांब उभं केलं.