डायडेमा कोण बांधतं

डायडेमा. बायबलातला ग्रीक शब्द. मराठीत सरसकट मुकुट.

रविवारी चिंचवडच्या चर्चमध्ये शास्त्रपाठाला तेजस्विनी मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. स्टेफानोस म्हणजे शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतात तो पानांचा मुकुट. डायडेमा राजाचा. पण तो सोन्याचाच हवा असं नाही. मुळात ती कापडाची पट्टी, कपाळाभोवती गुंडाळून मागं गाठ मारलेली. शब्दाचं मूळच ‘भोवती बांधणं’.

मागच्या बाकावर बबनराव भिंगारदिवे ताठ झाले. कापड, वेढा, गाठ: हा तर त्यांचा प्रांत. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर अठ्ठावीस वर्षं, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांतून फेटे बांधणं.

“मॅडम, पण राजाला ते बांधायचं कोण?”

“बबनकाका, शब्दात तेवढं नाही लिहिलेलं.”

सगळे हसले. बबनराव नाहीत. शुक्रवारी ते रिटायर होणार होते.

*

अर्थ पहिला.

कंपनीत रीत होती: जाणाऱ्याला फेटा बांधायचा. आजवर गेलेल्या प्रत्येकाला तो बबनरावांनीच बांधला होता. आता त्यांना कोण बांधणार, हे आठ दिवस त्यांच्या डोक्यात घोळत होतं. विचारायचं कसं? फेटा मागून घ्यायचा असतो का?

फेट्याच्या चुण्या घालताना दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. बायको, कुसुमताई, धरायच्या. त्या जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून टोक खिडकीच्या गजाला. गज टोक घट्ट धरतो. पण “अहो, ढील देऊ का?” असं विचारत नाही.

*

अर्थ दुसरा.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या मशीनवरचा रणजीत कापडांचा गठ्ठा घेऊन आला.

“बबनराव, आज सगळ्यांनाच फेटे! तुमच्या हातचा शेवटचा कोण सोडणार राव?”

बावीस डोकी रांगेत उभी राहिली.

“घट्ट नको हां भाऊ, मागच्या वेळी डोकं बधिर झालं होतं.”

“ते आधीपासूनच होतं,” बबनराव म्हणाले. हशा पिकला.

बाविसावा फेटा झाला तेव्हा गठ्ठा संपला होता.

“आणि माझा?” हे इतकं हळू निघालं, की त्यांनाच नीट ऐकू आलं नाही. रणजीतनं मात्र ऐकलं.

“तुमचा होय! आम्हाला वाटलं तुम्ही स्वतःचा चुटकीसरशी... थांबा, थांबा.”

मॅनेजर दिग्विजय साहेबांच्या केबिनमधून तयार फेटा आला. शिवलेला, टोपीसारखा. साहेबांनी तो बबनरावांच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या पडल्या. फोटोत बावीस फेटे पिळदार आले. तेविसावा, अगदी मधला, भुवयांपर्यंत घसरलेला.

*

अर्थ तिसरा. हा फळ्यावर नव्हता.

रहाटणीतल्या घरी पोचले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. कपाटात निळं कापड होतं. ‘रिटायर व्हाल तेव्हा हेच,’ म्हणून कुसुमताईंनी आणून ठेवलेलं. टोक गजाला. चुण्या. वेढे. आरशासमोर बसून त्यांनी सगळं केलं. फक्त मागं सोडलेला शेमला दिसेना. दोनदा मान वळवली. मानेबरोबर तोही वळला.

मग त्यांनी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. गोजाबाईंनी दार उघडलं. हात कणकेचे.

“आता गं बया! कुणाचं लगीन हाय?”

“कुणाचं नाही. जरा मागून बघता का? शेमला सरळ आहे?”

गोजाबाईंनी पदराला हात पुसले, मागं गेल्या.

“वाकडा हाय की. आन गाठ बी ढिली. वाका जरा, माझा हात पुरत न्हाई.”

बबनराव वाकले. मानेपाशी दोन बोटं आली, कापड ओढलं गेलं, आत खोचलं गेलं.

“घट्ट व्हतंय का?”



“नाही,” ते म्हणाले. “अजून थोडं ओढा.”

“झालं,” गोजाबाई म्हणाल्या. “माझा तवा तापलाय.” दार लागलं.

बबनराव जिन्यात तसेच वाकून उभे होते.