घाटाखाली बेचाळीस

"बेचाळीस! बेचाळीस पॉइंट सहा!"

चंदनापुरी घाटाच्या पायथ्याशी जमलेल्या दीड-दोनशे माणसांत आरडाओरडा झाला. टेम्पोवाले, दूधवाले, नवी गाडी दारात लावून जुन्याच मोटारसायकलवर हिंडणारे मास्तर, सगळे त्या काळ्या धिप्पाड गाडीच्या काचेला नाक लावून आत बघत होते. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर आकडा चमकत होता. लिटरला बेचाळीस किलोमीटर! मोटारसायकललाही एवढं ॲव्हरेज पडेल की नाही कोण जाणे, आणि ही तर अमृतशेठची सहाशे हॉर्सपॉवरची गाडी.

अमृतशेठचं संगमनेरच्या अलीकडे दूध संकलन केंद्र. पुण्यातून त्यांनी ही गाडी सेकंडहँड आणली, तेव्हा किंमत घासाघीस करून पाडली. पण पोसायला काय लागतं, हे विचारायचं राहून गेलं. गाडी लिटरला पाच, फार लाडात आली तर सहा किलोमीटर जायची. एका सर्व्हिसिंगच्या बिलात घोडेगावच्या बाजारातून दोन गाभण गाई आल्या असत्या. शेठ गाडीत रुबाबात बसायचे, पण पेट्रोल पंप आला की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

अशा माणसाला ऊर्जानंद महाराज भेटले नसते तरच नवल. आधी हे महाराज बोअरला पाणी कुठं लागेल ते सांगायचे. आता घाटमाथ्यावर मठ टाकून दर रविवारी ते गाड्यांना तांब्याचं 'इंधनसिद्धी यंत्र' बसवत.

"पेट्रोल जळतं कशानं? अग्नीनं! अग्नीचा मालक कोण? सूर्य! हे यंत्र सूर्याला टाकीच्या झाकणावर आणून बसवतं. मग इंजिन पेट्रोल पीत नाही, बाळांनो, नुसतं हुंगतं!"

नारळ फुटला. यंत्र चिकटलं. मग महाराज गाडीत बसले, स्टिअरिंगवर भगवं उपरणं पसरलं आणि त्याखाली हात घालून डोळे मिटले. "गाडीला मागचं पाप चिकटलेलं असतं. ते आधी शून्य करावं लागतं." हात बाहेर आला तेव्हा पडद्यावरचा जुना आकडा खरोखरच गेलेला होता. "आता पायथ्यापर्यंत पाय मोकळा सोडायचा. ॲक्सिलरेटर दाबला तर यंत्राचा अपमान होईल."

महाराजांना आणि शेठना बसवून गाडी खाली आणली ती ड्रायव्हर वैजनाथनं. एकोणीस वर्षं तो स्टिअरिंगवर होता. आधी उसाचा ट्रक, मग शेठची गाडी. त्या गर्दीतच तो हळूच म्हणाला, "शेठ, सगळा उतारच हाय की. उताराला पेट्रोल लागतंय कुठं?"

"तुला लई कळतं," शेठ म्हणाले आणि महाराजांच्या पाया पडून हार घ्यायला पुढं वाकले.

इथवर सगळी गंमतच होती. पण यंत्र बसल्यावरही पुढच्या मंगळवारी टाकीनं तळ गाठला, नेहमीसारखाच. शेठनं वैजनाथला ऑफिसात बोलावलं.

"पेट्रोल गेलं कुठं?"

"गाडीनं पिलं, शेठ. पैल्यापास्नं एवढंच पितीय."

"बेचाळीसचा आकडा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. यंत्र खोटं बोलंल व्हय?" शेठ खुर्चीत पुढं सरकले. "गाडीनं पिलं, का तू काढून इकलं?"

चमत्काराचा हिशेब हा असा असतो. तो खोटा ठरायला लागला की चमत्कार करणाऱ्याला कुणी विचारत नाही. हाताशी असलेला गरीब माणूस चोर ठरतो.

शेठनं ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली आणि दोन दिवसांत ती सगळीकडे झाली. स्टँडवरचे ड्रायव्हर हसत विचारू लागले, "वैजू, लिटरभर आमाला पन दे की." मनकर्णा, वैजनाथची बायको, बचत गटाच्या बैठकीत शिरली की बायका बोलायच्या थांबायच्या. ड्रायव्हरला एवढं एकच नाव जपायचं असतं. तेल चोरतो असा शिक्का बसला की दुसरा मालक दारात उभा करत नाही. चोरी केली असती तर ती दाखवता आली असती. न केलेली चोरी कुठून काढून दाखवायची? वैजनाथला रात्ररात्र झोप येईना.

शेवटी तो जयमाला मॅडमकडे गेला. गावच्या हायस्कुलात त्या विज्ञान शिकवायच्या. शेठची मुलगी संस्कृती त्यांच्याच हाताखालून गेली होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आकडा कुठून कुठपर्यंतचा होता? आणि उपरण्याखाली महाराजांचा हात नेमका कशावर होता?"

वैजनाथचे डोळेच भरून आले. "मॅडम, म्या हेच सांगत हुतो. पन ज्याच्यावर आळ हाय, त्याचं कोन ऐकतंय?"

पुढच्या रविवारी मॅडम पायथ्याच्या गर्दीत हजर झाल्या आणि गाडी पुन्हा मोजून बघू म्हणाल्या. मुलीच्या मॅडम म्हणून शेठना नाही म्हणता आलं नाही. मॅडमनी टाकीच्या झाकणावरचं यंत्र काढलं आणि सहादू टेम्पोवाल्याच्या हातात दिलं. "तुम्ही हे घेऊन इथंच थांबा." मग वैजनाथनं मॅडमना आणि शेठना घेऊन गाडी घाटमाथ्यावर नेली. तिथं मॅडमनी स्टिअरिंगजवळचं एक बटण दाबून धरलं आणि शेठसमोर पडद्यावरचा आकडा पुसला गेला. उपरणं लागलं नाही, मंत्रही लागला नाही. गाडी पाय मोकळा सोडून खाली आली.

"चव्वेचाळीस!" गर्दी ओरडली. मग सगळ्यांच्या माना हळूहळू सहादूकडे वळल्या. यंत्र त्याच्या मुठीत होतं.

आता यंत्र पुन्हा चिकटवलं, आकडा पुन्हा पुसला, सहादूलाही मागं बसवलं आणि गाडी घाट चढली. मागोमाग टेम्पो-मोटारसायकलींवरून बरीचशी गर्दीही वर आली. माथ्यावर, मठाच्या दारात, पडद्यावर आकडा होता दोन पॉइंट आठ.

मॅडम कठड्यावर उभ्या राहिल्या. "आकडा खोटा नाही. बटण दाबलं की गाडी मागचं सगळं विसरते आणि तिथून पुढचंच मोजते. उतारावर पाय काढला की इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नाही. तुम्हाला फक्त उतार मोजून दाखवला. चढाला गाडी जे प्यायली ते कुणी बघितलं नाही, आणि त्याचं खापर या माणसावर फुटलं."

गर्दीतल्या दोन-चार माना डोलल्या. वैजनाथला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात महाराज हसत बाहेर आले. "बरोबर आहे मॅडमचं. हे उताराचं यंत्र. चढाचं वेगळं असतं, बाळांनो!"

"केवढ्याला?" कुणीतरी विचारलं. वैजनाथनं वळून पाहिलं. विचारणारा सहादू होता. तोच सहादू, ज्याच्या मुठीत मघाशी यंत्र होतं. त्याच्या मागं रांग लागू लागली. मॅडम ओरडून सांगत राहिल्या, पण त्यांचा आवाज नारळ फुटण्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेला नाही.

शेठ गाडीत काचा लावून बसले होते. वैजनाथ आपल्या जागेवर येऊन बसला.

"शेठ, म्या चोरी केली न्हाई. पटलं ना आता?"

"पटलं रे," शेठ खाली बघत म्हणाले. "तू न्हाई केलीस."

"मंग काच खाली करा, आन् एवढंच ह्या लोकांना सांगा."

शेठनं बाहेर पाहिलं. याच लोकांसमोर त्यांनी महाराजांच्या पाया पडून हार घेतला होता. त्यांचा हात काचेच्या बटणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. "जाऊ दे ना आता. कशाला वाढवायचं? उद्या टायमाला कामावर ये म्हंजे झालं."

वैजनाथनं चावी समोर ठेवली, दार उघडलं आणि घाट पायी उतरायला लागला. पायथ्याशी दोघे त्याच्याकडे बघून कुजबुजले, "ह्योच त्यो तेलचोर." त्यांच्यापर्यंत माथ्यावरची बातमी पोचली नव्हती. ती आजही पोचलेली नाही.

तेव्हा तुमच्या गावात असा आकडा चमकला तर हात जोडण्याआधी विचारा, कुठून कुठपर्यंत मोजला? टाकी काठोकाठ भरा, चढ-उतार सगळं चालवा, पुन्हा काठोकाठ भरा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. चौथीतल्या पोरालाही जमतं ते. आणि त्या भागाकारातून एखादा माणूस निर्दोष ठरला, तर कृपा करून काच खाली करा आणि तेवढं चारचौघांत मोठ्यानं बोला.