मासळीच्या पाण्याचे गुलाब

कमलाकांत धैर्यवानांना मासे लागत. सोमवार सोडला तर रोज लागत. पापलेट नसेल तर बोंबील, बोंबील नसतील तर निदान कोलंबी. पानात काहीच नसलं की स्वारीचं तोंड सुतकी. त्यांना नको होती ती फक्त मासे आणणारी बाई.

आता नको म्हणजे काय, पंधरा वर्षं चालली होती की! वरळी कोळीवाड्यातली सखुबाई रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन यायची, शिवाजी पार्कजवळच्या त्यांच्या इमारतीत मागच्या दारी बसायची, मासे कापून-धुवून द्यायची. पण छप्पन साली दोन गोष्टी एकदम झाल्या. सेक्रेटरिएटमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले कमलाकांत इमारतीच्या मंडळाचे चिटणीस झाले, आणि त्याच महिन्यात वॉर्डातल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचेही चिटणीस झाले. दोन-दोन चिटणीसपदं! माणूस फुगणार नाही तर काय होईल? आता घरी पुढारी चहाला येणार, आणि मागे कोळीण खवले उडवत बसणार? छे! त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात सूचना लिहून फाटकावर लावली : ‘आवारात मासे विकण्यास व साफ करण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’

सखुबाईला वाचता येत नव्हतं. नोकर रामूने वाचून दाखवलं. ती टोपली उचलून निघून गेली. त्या आवारातली तिची अकरा गिऱ्हाइकं एका सकाळीत गेली. आत सरोजिनीबाई, म्हणजे धैर्यवानांच्या मिसेस, डोळे पुसत होत्या. पण चिटणीसांचं त्या रात्री समितीत भाषण होतं. विषय : मुंबई कोणाची.

आणि गुलाब? ते राहिलेच. मागच्या अरुंद पट्ट्यात धैर्यवानांची बावीस गुलाबाची झाडं होती. फुलांच्या प्रदर्शनातला चांदीचा चषक त्यांनी लागोपाठ दोन वर्षं मारला होता. तिसऱ्यांदा मिळाला तर तो कायमचा घरात. त्यासाठी कमलाकांतांनी दिवाणखान्यातलं कपाट आधीच रिकामं करून ठेवलं होतं. गुलाबाचं श्रेय ते एका विलायती खताच्या डब्याला देत. दर रविवारी हातमोजे घालून झाडाला एकेक चमचा. खरं काय ते सरोजिनीबाईंना ठाऊक होतं. सखुबाईचं मासे धुतलेलं पाणी, कल्ले, आतडी, शेपट्या, सगळं पंधरा वर्षं त्याच झाडांच्या बुंध्यात जात होतं. ती स्वतः कोयत्याने खड्डा करायची, मांजरांनी उकरू नये म्हणून वर माती दाबायची. “वयनी, नारलाला आमी ह्येच घालतो,” म्हणायची.

जानेवारीत पानं पिवळी पडली. कळ्या आल्या त्या बोराएवढ्या. कमलाकांतांनी एकाचे दोन चमचे केले, तर चार झाडं जळूनच गेली.

“अहो, त्यांना सखुबाईचं पाणी हवंय,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“तू गप्प बस. खतातलं तुला काय कळतं?”

आणि मग कॅनडाहून पुतण्याचं पत्र आलं. गुरुदत्त तिकडे जंगलांचा अभ्यास करत होता. त्याने लिहिलं होतं : ‘काका, इथे समुद्रातून सामन नावाचे मासे नदीत चढून येतात, अंडी घालतात आणि तिथेच मरतात. अस्वलं त्यांना ओढून रानात नेतात, अर्धे खातात, अर्धे टाकतात. ते कुजून जमिनीत मुरतात. किनाऱ्यावरची इथली झाडं अशी उंच की वर बघताना टोपी पडावी. इथले मूळचे लोक म्हणतात, हे रान मासळीवर पोसलंय.’

कमलाकांत खुर्चीतून उठलेच. “बघ! सायन्स काय म्हणतंय बघ! कुजलेला मासा!”

सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला. हीच गोष्ट घरच्या ओट्यावर मराठीत, फुकट मिळत होती तेव्हा ती बायकांची बडबड. निळ्या पाकिटातून, परदेशी तिकीट लावून आली तेव्हा शास्त्र!

कमलाकांतांनी लागलीच रामूकरवी बाजारातून डबाभर आतडी आणवली आणि पुरली. दुपारी पहिल्या मजल्यावरच्या, समितीतल्याच मनमोहन कोठाऱ्यांनी गॅलरीतून फाटकावरची सूचना मोठ्याने म्हणून दाखवली, ‘हुकमावरून’सकट. संध्याकाळी सगळं उकरून टाकावं लागलं.

प्रदर्शनाला दीड महिना होता. कमलाकांत सखुबाईला शोधत घोडपदेवला गेले. तिथल्या एका चाळीच्या चौकात तिने आता बस्तान मांडलं होतं. बायकांचा घोळका होता. नळाशी डालड्याच्या डब्यात कुणीतरी लावलेला एक गुलाब, चांगला वाटीएवढा, फुलला होता. कमलाकांतांनी तिकडे बघायचं टाळलं. खिशातून पत्र काढलं, चष्मा चढवला आणि मेलेल्या मासळीने जमीन कशी सुधारते हे त्यांनी कोळणीला पाच मिनिटं समजावून सांगितलं. हो, कोळणीला!

सखुबाईने हातातला बांगडा कापून संपवला. मग विचारलं, “भाऊसाब, तिकडं त्या माशांना वास येतो म्हनून कोन हाकलत नाय का?”

बायका खो खो हसल्या. कमलाकांतांचे कान तापले, पण चषक डोळ्यांसमोर होता. “हे बघा सखुबाई, झालं गेलं विसरा. उद्यापासून या. फक्त पहाटे या, मागच्या गल्लीने, कुणाला दिसू नका. सूचना आपली राहू दे तशीच.”

“चोर हाय का मी?” तिचा आवाज चढला. “पंधरा वर्सं पुढच्या फाटकातनं आले. तुमच्या एका कागदाने माझी अकरा घरं गेली, पोरांना एक येळ जेवून दिस काढावे लागले. तो कागद काढा. आनि उद्या तुमची सभा हाय ना? थितं चार लोकांत बोला, सखूला मी हाकलली, चूक झाली. मंग येते.”

“बघतो,” कमलाकांत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभा जोरात झाली. वरळीहून कोळणी झेंडे घेऊन आल्या होत्या, आणि सखुबाई अगदी पुढे उभी होती. कमलाकांत बोलायला उठले. “ज्यांनी ही मुंबई वसवली, त्यांनाच कोणी इथून हुसकावणार असेल तर आम्ही ते सहन करणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. सखुबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती बघत होती. एकच वाक्य बोलायचं होतं. ते घशापर्यंत आलंही. पण व्यासपीठावर शेजारी मनमोहन कोठारे बसले होते, आणि समोर दोन हजार लोक. कमलाकांतांनी पाण्याचा पेला उचलला, वाक्य पाण्याबरोबर गिळलं, आणि मूठ वर करून घोषणा दिली, “मुंबई कोणाची?”

“आमची!” अख्खं मैदान ओरडलं. सखुबाईही ओरडली, सगळ्यांत मोठ्याने, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. मग ती वळून गर्दीतून निघून गेली.

चषक त्या वर्षी गिरगावच्या कुणी डॉक्टरांनी नेला. कमलाकांतांची फुलं परीक्षकांनी दुसऱ्यांदा पाहिलीही नाहीत. बाहेर पडताना ओळखीच्या एकाने विचारलं, यंदा काय झालं हो, धैर्यवान?

“काय सांगू,” कमलाकांत उसासा टाकून म्हणाले, “मुंबईच्या मातीतच आता पूर्वीचा कस राहिला नाही.”