शिव्या खाल्लेलं आढं

धुकं असं दाटलं होतं की नवा पूल अर्धाच दिसत होता. पलीकडचा भाग नदीवर कुठेतरी तरंगत असावा. लू गांगफा मिस्त्री पुलावर बसून शिव्यांची वाट पाहत होता.

आमच्या डोंगरात छपराच्या पुलाचं आढं विकत घेत नाहीत, चोरतात. पहाटे कुणाच्या तरी रानातला देवदार तोडायचा, बुंध्याला लाल फडकं बांधायचं, फटाके वाजवायचे आणि लाकूड घेऊन पळायचं. मग मालकानं येऊन शिव्या घालायच्या. जितक्या शिव्या, तितकं पुलाला आयुष्य. शिवी न खाल्लेल्या आढ्याला कुणी हात लावत नाही.

मिस्त्रीनं पेइयुनचा देवदार चोरला होता.

"अख्ख्या डोंगरात तुला तिचंच झाड दिसलं?" गडी कुरकुरले. "ती वर्षभर तुझ्याशी बोलत नाही."

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाला.

पूल खरं तर गेल्या वर्षीच व्हायचा. त्यात एक खिळा नाही, सगळी मापं एका बांबूच्या काठीवर शाईनं मारलेली. मिस्त्रीची एक खूण बोटभर चुकली आणि बारा खांब आखूड पडले. नवं लाकूड वाळेपर्यंत पावसाळा आला. पूल नाही म्हणून नावेनं नदी ओलांडताना पेइयुनचा नवरा मानलिन पुरात नावेसकट वाहून गेला. मिस्त्रीचा जिवाभावाचा दोस्त.

ती भांडली नाही. मिस्त्री दारात आला की आंबट मासा आणि भात पुढं ठेवायची आणि आत जायची. तो दोन घास खाऊन उठायचा.

दुपारच्या आत आढं चढवायचं होतं. ऊन वर आलं, धुकं विरळ झालं, आणि त्यातून पेइयुन चालत आली. सावकाश, झोपेत चालल्यासारखी. तिनं लाकडावर हात फिरवला.

"वहिनी, चोर मी आहे," मिस्त्री उठून म्हणाला.



"माहितीय मला," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी ह्यांनी लावलेलं झाड. ते तरी ठेवायचं होतंस, मेल्या." मग तिचा आवाज चढला. "सगळ्या जगाची घरं मोजत फिरतोस, आणि एका बोटानं माझं घर बुडवलंस. मुडद्या, वर माझ्याकडे जेवायला येतोस? लाज नाही वाटली?"

गड्यांनी दोर धरले. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता, डोळे गळत होते. वर्षभरानं त्याला बरं वाटत होतं.

मधेच ती थांबली. "या वेळी नीट मोजलंस ना?"

"तीनदा मोजलं, वहिनी."

तिनं वर पाहिलं. आढं अजून अर्ध्यावरच होतं. बाहीनं तोंड पुसून तिनं पुन्हा शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि ते जागेवर बसेपर्यंत थांबली नाही.