आणखी पंधरा दिवस

आमच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरक्षेतलं एक भोक बुजवणारा कोड दीड महिन्यापूर्वीच तयार झाला. पण रिवाज असा, की ती वापरणाऱ्या चौदाही कंपन्या तो बसवायला तयार होईपर्यंत कोड कुणालाच द्यायचा नाही आणि भोकाबद्दल ब्र काढायचा नाही, नाहीतर हॅकर आधी घुसतील. दर वेळी कुणीतरी पंधरा दिवस मागतं, आणि तारखा सांभाळणारी मी मुकाट देते. कालच तिसऱ्यांदा दिले.

आज आईला डायलिसिसला परळच्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कुणीतरी घुसून सगळे कॉम्प्युटर लॉक केलेत. आज नंबर लागणार नाही." स्क्रीनवर त्या भोकातून कुणी घुसलं की येणारी तीच एरर होती, जी मी दीड महिना चाचण्यांमध्ये रोज बघत होते.

"इरा, तुझं हेच काम ना गं?" आई म्हणाली. "सांग की त्यांना काहीतरी."

"माझं काम वेगळं आहे, आई," मी म्हटलं.