माझे पिस्ता रंगाचे वर्ष

मित्रांनो, मी एका वाचनालयाची इमारत आहे. जुनी म्हणावे इतके माझे वय नाही आणि आत्मवृत्त सांगावे इतके माझे कर्तृत्वही नाही. किल्ल्यांनी, दीपगृहांनी, निदान पणजोबांच्या काळातल्या शाळांनी आपली कथा सांगावी. मी सांगावी की नाही, हे मला अजून नक्की ठरवता आलेले नाही. पण एका वर्षी देशातल्या मोठमोठ्या इमारतींच्या पंक्तीत माझे नाव घेतले गेले होते. त्या वर्षी काय झाले ते दुसरे कोणी सांगेल असे वाटत नाही, म्हणून मीच सांगते.

हातखंब्याच्या फाट्यापासून आत वळले, की आंब्याच्या बागा संपतात आणि भातखाचरे सुरू होतात. तिथे आमची वाडी आहे. माझ्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. खाणीतून नुकताच कापून काढलेला चिरा मऊ असतो. वारा लागला की तो हळूहळू कठीण होतो. इतर दगडांचे असे होत नाही म्हणतात. मी इतर दगड फारसे पाहिलेले नाहीत.

माझा आराखडा नम्रताने काढला. वाडी हे तिचे आजोळ. मुंबईला वास्तुकला शिकून ती परत आली आणि रत्नागिरी शहरात एका दुकानावरची खोली भाड्याने घेऊन तिने काम सुरू केले. माझा नकाशा काढण्याआधी ती घरोघर बसली. तुम्ही वाचायला कुठे बसता, दुपारी ऊन कुठून येते, पाऊस कुठल्या बाजूने आत मारतो, असे विचारत राहिली. पुढे वाचनालयाची किल्ली ज्यांच्याकडे आली त्या सखूकाकी म्हणाल्या होत्या, "माका बाय पाय पसरून पेपर वाचूक होयो. खुर्चीत पाय लोंबतत." म्हणून माझ्या खिडक्या भिंतीच्या जाडीत खोल बसवल्या आणि प्रत्येक खिडकीत पाय पसरून बसता येईल असा कट्टा ठेवला.

मला बांधले भिकाजी गवंड्याने. नम्रताने त्याला सांगितले की गिलावा करायचा नाही आणि रंगही लावायचा नाही. दगड उघडा राहू दे. भिकाजीने तसे केले. पण वाडीतल्या लोकांना वाटले, काम अर्धेच राहिले. कोणी पाहुणा आला की वाचनालय समितीचे अध्यक्ष महिपतकाका घाईघाईने म्हणत, "गिलावा राहिलाय. होईल पुढच्या वर्षी." महिपतकाका मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन आले होते आणि त्यांना अर्धवट काम मुळीच आवडत नसे. मला स्वतःलाही कधी कधी वाटे, की खरेच आपण अपुऱ्या असू.

तरी माझे दिवस बरे चालले होते. सकाळी पेपर येई. एसटीची वाट पाहणाऱ्या बायका पडवीत टेकत. शाळेतली मुले कट्ट्यावर पालथी पडून गोष्टीची पुस्तके वाचत आणि तिथेच झोपून जात. दगडाच्या बारीक भोकांतून वारा येत-जात राही. पावसात मी भिजे आणि उघडीप पडली की वाळे. मला वाटे, इमारतीला याहून जास्त काय हवे असते?

मग ते वर्ष आले. दर वर्षी देशभरातून त्या वर्षातल्या उल्लेखनीय इमारती निवडणारी एक संस्था आहे. नम्रताने माझी छायाचित्रे तिथे पाठवली होती. अखेरच्या निवडीत माझे नाव आले. ती स्वतः सांगायला आली, तेव्हा पडवीत माणसे जमली. तिने बाकीच्या इमारतींविषयीही वाचून दाखवले. एक होते जमिनीखालचे मेट्रो स्थानक. त्यात दिवसा दिवे लावावे लागत नाहीत, उजेड वरून फलाटापर्यंत उतरतो. एक होते वाळवंटातले मातीचे संग्रहालय. एक नवा विमानतळ होता. आणि ईशान्येकडच्या डोंगरातले एक छोटे रुग्णालय होते. तिथे रोग्यांच्या नातेवाइकांना स्वयंपाक करता यावा म्हणून प्रत्येक खोलीमागे चूल ठेवली होती.

"म्हंजे इमानतळाच्या पंगतीत आपला वाचनालय!" भिकाजी म्हणाला.

"पंगतीत बसवलाय खरा, पण पानात काय पडेल ता वाढपी जाणे," सखूकाकी म्हणाल्या.

सगळे हसले. नम्रताही हसली. लोक पांगल्यावर मात्र ती सखूकाकींच्या शेजारी खिडकीत बसून राहिली.

"काकी, कोणाला सांगू नको. पुण्याच्या एका मोठ्या कचेरीतून बोलावणं आलंय. गणपतीनंतर कळवते म्हणून सांगितलंय मी."

"आणि हयचा काम?"

"काम आहेच कुठे? लोक म्हणतात, नकाशा कशाला, गवंड्याला ठाऊक असतं सगळं. हे बक्षीस मिळालं, नाव छापून आलं, तर कोणी दार ठोठावेल. नाही तर खोलीचं भाडं तरी किती दिवस भरू? जाते पुण्याला."

सखूकाकींनी कोणाला सांगणार नाही म्हणून मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या वाडीला माहीत होती. मी काकींना दोष देत नाही. पोर जाणार, ही बातमी एकट्याने पोटात ठेवणे अवघड असते.

श्रावणात नम्रताचा महिपतकाकांना फोन आला. दोन परीक्षक मला पाहायला येणार होते. फोन पडवीत मोठ्या आवाजावर ठेवलेला होता, म्हणून मीही ऐकले.

"काका, तुम्ही काही करू नका हं. आहे तसंच राहू दे."

"नाय गो, काय नाय करत," महिपतकाका म्हणाले आणि फोन ठेवून सगळ्यांकडे वळले. "संकोचाने बोलते पोर. पाहुणे येतायत आणि आपण काय नाय करायचं?"

मित्रांनो, यात कोणाचा खोटेपणा नव्हता. आमच्याकडे कोणी येणार असले की आधी कळवतात, आम्ही येतोय, पण काही करू नका हं. हे ऐकले की घरची बाई लगेच घावनांसाठी तांदूळ भिजत घालते. काही करू नका असे पाहुण्याने म्हणायचे असते आणि यजमानाने करायचे असते. तसे केले नाही तर दोन्हीकडे वाईट वाटते. नम्रता आमचीच मुलगी, तेव्हा तीही तसेच म्हणत असणार, असे सगळ्यांनी धरले.

शिवाय गणपती जवळ आले होते. घरोघर रंगाचे डबे आलेच होते. सखूकाकींनी रंग निवडला, पिस्ता. खालचा पट्टा चॉकलेटी. ज्याने माझा एकेक चिरा सुतात बसवला होता तो भिकाजीच शिडीवर चढला.

"नवरीक हळद लागूक होयी," तो म्हणाला. "अशीच कशी मांडवात उभी राहील?"

"हळद पिवळी असते रे भिकाजी," महिपतकाका खालून म्हणाले.

"मग तुमी येवा वर आणि लावा पिवळी."

पावसाने उघडीप दिली तेवढ्यात त्यांनी हात चालवला. मुंबईहून सुट्टीवर आलेले लोकही ब्रश घेऊन आले. ऑइल पेंटचा थर माझ्या अंगावर चढत गेला आणि दगडाची बारीक भोके एकामागून एक बुजली. मला कोंडल्यासारखे झाले. पण खाली उभ्या माणसांचे चेहरे पाहिले, की तक्रार करावीशी वाटेना. इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी हात लावला नव्हता. कदाचित हेच बरोबर असेल, मी मनाशी म्हटले. कदाचित मी आज पुरी झाले.

परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी नम्रता आली. ती पायवाटेच्या वळणावर थांबली. सगळे पडवीत उभेच होते.

"कसा वाटतंय गो?" सखूकाकींनी विचारले.

नम्रता जवळ आली, तिने भिंतीला हात लावला, बोटाला लागलेला रंग पाहिला आणि पायरीवर बसली.

"आवडला नाय काय?" महिपतकाकांचा आवाज उतरला.

"छान लावलाय," ती म्हणाली. मग तिने विचारले, "कोणी लावला?"

"सगळ्यांनी," भिकाजी म्हणाला. "तुजासाठी."

तिने मान हलवली आणि चहा मागितला. रात्री ती आजोळीच राहिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. दिल्लीच्या एक बाई आणि मुंबईचे एक वयस्कर गृहस्थ. बाईंच्या हातात माझी छायाचित्रे होती. त्यांनी एकदा छायाचित्राकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. महिपतकाका त्यांच्या खांद्यामागून पाहत होते. त्या चित्रात मी उघडी होते, तांबडी, भिजलेली, गिलाव्याशिवाय. आणि उघड्या दगडाभोवती कोणीतरी पसंतीच्या खुणा केल्या होत्या. महिपतकाकांचा चेहरा बदलला. ज्यासाठी मला निवडले होते तेच आपण झाकून टाकले, हे त्यांना त्या क्षणी कळले.

"साहेब," ते पुढे झाले. "यात पोरीचा काय दोष नाय. तिने फोनवर सांगितलं होतं. आम्हीच..."

"काका, थांबा," नम्रता म्हणाली. मग ती परीक्षकांकडे वळली. "दगड उघडा का ठेवला, ते मी तुम्हाला पानभर लिहून पाठवलं. यांना एका शब्दाने सांगितलं नाही. बांधण्याआधी घरोघर जाऊन विचारत होते. बांधून झाल्यावर मात्र दगड उघडा राहू द्या, एवढाच हुकूम दिला. गणपतीत हे आपापली घरं रंगवतात. हे त्यांनी आपलं घर मानलं, म्हणून रंगवलं."

मुंबईच्या गृहस्थांनी ते बाईंना हिंदीत समजावून सांगितले. बाई बराच वेळ खिडकीच्या कट्ट्यावर बसून होत्या. सखूकाकींनी त्यांना घावने आणि नारळाचा रस दिला. त्यांनी ते आवडीने खाल्ले आणि पाय वर घेऊन, भिंतीला टेकून पाहिले. निघताना गृहस्थ नम्रताला म्हणाले, "पाठवलेल्या नोंदीप्रमाणे इमारत असावी, असा आमचा नियम आहे. मला वाईट वाटतं."

गणपती गेले. मग निकाल लागला. बक्षीस डोंगरातल्या त्या रुग्णालयाला मिळाले. खरे सांगायचे, तर मला तो निर्णय योग्य वाटला. माझ्या नावासमोर काहीच नव्हते. त्यानंतर पडवीत येणारी माणसे कमी झाली. ज्यांनी रंग लावला होता त्यांना माझ्याकडे पाहवेना. भिकाजी तर वाकडी वाट करून दुसरीकडून जाई. माणसे प्रेमाने जवळ आली आणि त्याच प्रेमाच्या लाजेने दूर गेली. तो काळ मला सगळ्यात जड गेला. आतली ओल बाहेर पडेना. माझ्या अंगावर जागोजागी फोड आले आणि पापुद्रे सुटू लागले.

दिवाळीच्या सुमारास नम्रता आली. तिने महिपतकाकांच्या दारात उभे राहून सगळ्यांना बोलावून घ्यायला लावले. मग मला दाखवत तिने सांगितले, की जांभा श्वास कसा घेतो, त्याला रंग का चालत नाही आणि हे फोड कशाने आले. आधी सांगायला हवे होते, असेही ती म्हणाली. भिकाजी खाली मान घालून ऐकत होता.

"मगे पुण्याक कदी निघतेस?" सखूकाकींनी शेवटी विचारले. सगळ्यांना तेच विचारायचे होते.

"हा रंग निघाल्यावर."

"ता काय चार दिसांत निघनारा हाय? भोकाभोकांत गेलाय."

"म्हणूनच म्हणते," नम्रता म्हणाली आणि तिने पिशवीतून तारेचा ब्रश काढला.

भातकापणी उरकली तसे लोक येऊ लागले. कोणी सकाळी, कोणी संध्याकाळी, हाताला वेळ मिळेल तसे. तारेच्या ब्रशने घासून, पाणी मारून, पुन्हा घासून रंग काढणे फार धिम्या गतीचे काम असते. जोर लावला तर दगडाची कड तुटते. भिकाजी सगळ्यांवर ओरडे, "हळू! ती भिंत हाय, भांडा नाय!" सखूकाकी म्हणत, "लावताना नाय सांगितलंस हळू." शिमग्यापर्यंत काम चालू राहिले. पुण्याच्या त्या जागेवर तोवर दुसरे कोणी रुजू झाले होते. नम्रताने ते सहज सांगितले. कोणी आश्चर्य दाखवले नाही, पण त्या दिवशी सगळ्यांनी जरा जास्त वेळ घासले.

शहरातली खोली मात्र तिला सोडावी लागली. महिपतकाकांनी समितीत विषय काढला. माझ्या मागच्या बाजूला जुनी मासिके ठेवायची एक खोली आहे. मासिके कपाटावर चढली आणि नम्रताचे टेबल तिथे आले. आता तिच्याकडे कोणी घराचा नकाशा विचारायला आले, की ती त्याला आधी माझ्या पडवीतून फिरवून आणते. संगमेश्वरकडून एका शाळेचे काम आले आहे. दाभोळचे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले, पण अजून काही नक्की नाही. हे सारे किती टिकेल, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, आम्हाला बांधणारे बांधून निघून जातात आणि राहणारे राहतात. ज्याने बांधले त्याने राहणाऱ्यांना सांगावे, आणि राहणाऱ्यांनी हात लावण्याआधी एकदा विचारावे. एवढेच माझे मागणे आहे. ते उपदेशासारखे वाटत असेल तर क्षमा करा.

यंदा जून लागला आणि मागच्या खोलीत, बरोबर नम्रताच्या टेबलावर, कौलांतून पाणी ठिबकू लागले. तिने टेबल ओढले. पाणी दुसरीकडून ठिबकू लागले. शेवटी डोक्यावर छत्री धरून ती नकाशा काढत बसली. महिपतकाका दारातून डोकावले.

"कोणी काढलाय गो हा नकाशा? बोलाव जरा तिला."

"मीच येते काका," नम्रता म्हणाली आणि छत्री मिटून शिडी आणायला निघाली.